दवावरची रेघ

“बूट!”

ती एवढ्या जोरात ओरडली, की कुंपणावरची पाखरं उडाली आणि हिरवळीच्या मधोमध चाललेला तो माणूस जागच्या जागी थिजला. एका हातात पत्र्याची पेटी, काखेत हातभर लांबीची पिवळी पट्टी आणि उजवा पाय हवेत.

“काय झालं? साप आहे का?”

“साप परवडला. साप बूट घालून येत नाही.”

त्यानं मागं वळून पाहिलं. दवानं पांढुरक्या झालेल्या गवतावर त्याची आठ-दहा पावलं काळीभोर उमटली होती.

“मग हा पाय आता कुठं ठेवू?”

प्रश्न इतका प्रामाणिक होता, की तिला हसू आलं. पण राग इतक्या लवकर सोडून द्यायची त्या घराण्यात रीत नव्हती.

“कुठंच नाही. आधी बूट काढा.”

“एका पायावर उभं राहून? हातात पेटी घेऊन? …जरा धरता का?”

ती उठली. गुडघ्यांना चिकटलेली माती झटकत गेली. तिनं त्याची पेटी धरली आणि त्यानं तिचा खांदा. त्यानं पेटी धरायला सांगितलं होतं की त्याला स्वतःला, या मुद्द्यावर त्या दोघांचं पुढं कित्येक वर्षं एकमत झालं नाही.

नऊ होलचं ते जुनं गोल्फचं मैदान. तिथलं गवत तिचे वडील राखत. सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून तीही आप्पाच म्हणे. आणि तिला लहानथोर सगळे मुंगी म्हणत. कारण उजाडल्यापासून ती जमिनीला नाक लावून कुठं ना कुठं सरपटताना दिसायची. लांब लवचिक काठी फिरवून दव झाडायचं, गवत कापायचं आणि मग खळगी हलवायची. चेंडू ज्यात पडतो त्या खड्ड्याला मेंबर लोक होल म्हणत. आप्पांना ते पटत नसे. “होल बनियनला पडतं. ही खळगी.” खळगी एकाच जागी राहिली तर भोवतीचं गवत पावलांनी मरतं. म्हणून दोन मुठींचा गोल कटर जमिनीत दाबत फिरवायचा, मातीसकट गवताचं बूच वर ओढायचं, की झाली नवी खळगी. निघालेलं बूच जुन्या खळगीत बसवून तळव्यानं दाबायचं. चार दिवसांनी जुनी जागा कुणालाच सापडत नसे. आप्पांना सापडायची. आप्पांना गवत वाढताना ऐकू येतं, असं स्वतः आप्पाच सांगत.

आप्पांचं बोलणं गाळून घ्यावं लागे. गाळलं तरी बरंच उरे.

तर तो माणूस अनवाणी उभा राहिला, डाव्या पायाची बोटं गवतात हलवली आणि म्हणाला, “इथं उतार आहे.”

“कुठं?”

“त्या पांढऱ्या दगडापासून तुमच्याकडे. पाणी ओतलं तर आधी सरळ येईल आणि मग तुमच्यापाशी पोचताना लाजून डावीकडे वळेल.”

तो उतार जगात दोनच माणसांना ठाऊक होता, आप्पांना आणि तिला. मेंबर लोक वीस-वीस वर्षं तिथंच चुकत होते आणि दोष हातातल्या पटरला, म्हणजे चेंडू खळगीत ढकलायच्या काठीला, देत होते.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पायाला कळलं. आणि ही साक्षीला.” त्यानं काखेतली पिवळी पट्टी गवतावर अलगद ठेवली. पाणसळ होती ती. “फरशीवाला आहे मी. तुमच्या क्लबहाउसच्या बाथरूमच्या फरश्या बदलायला आलोय. पाणी कुठं जाणार हे कळलं नाही, तर आमच्या धंद्यात लोक घरी येऊन शिव्या देतात.”

पाणसळीच्या काचेतला बुडबुडा हळूच सरकला आणि एका बाजूला जाऊन थांबला. तो नीट बघायला दोघं एकदमच वाकली… आणि डोकी एकमेकांवर आपटली. टक्!

“लागलं?” त्यानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. लागलं होतं. डोक्याला थोडं, बाकी इतरत्र.

*

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीकामाची माणसं झाडाखाली आडवी व्हायची. हा तेवढा बूट हातात घेऊन सरावाच्या हिरवळीपाशी येऊन उभा राहायचा.

“येऊ का?”

“पाय दाखवा.”

तो तळपाय वर करून दाखवायचा. ती शाळेतल्या बाईंसारखी तपासायची. कधीकधी गरजेपेक्षा जास्त वेळ.

चौथ्या दिवशी तिनं कोठारातून आप्पांचा एक जुना पटर आणला. मुठीवरची चिकटपट्टी सुटलेली होती, ती पुन्हा गुंडाळून दिली. “उतार वाचता येतो, मग चेंडूही घालता आला पाहिजे. धरा.”

त्यानं धरला. असा, की जणू पटर पळून जाणार होता.

“मुठी कशाला आवळताय? नुकती सिमेंटवर ठेवलेली फरशी कशी धरता?”

“बोटांच्या टोकांनी. जास्त दाबली तर रुतते, सोडली तर सरकते.”

“तेवढंच. आता वाका. डोळे चेंडूच्या बरोबर वर आले पाहिजेत.”

“बरोबर म्हणजे किती बरोबर?” असं म्हणून त्यानं खिशातून ओळंबा काढला आणि त्याची दोरी स्वतःच्याच नाकाच्या बुडाशी धरली. पितळी वजन खाली लोंबकळत चेंडूच्या अलीकडे पायांपाशी येऊन थांबलं. “दोन बोटं अजून वाकायला हवं,” तो गंभीरपणे म्हणाला.

इतकी वर्षं तिनं भल्याभल्या मेंबरांना हे सांगितलं होतं. कुणी ओळंबा लावला नव्हता. ती तोंडावर हात धरून हसत राहिली आणि तो नाकापासून दोरी सोडून तसाच उभा.

“मनगटं झोपवा,” ती म्हणाली. “हलायचं ते खांद्यांनी. मागं जेवढं, पुढं तेवढंच, झोपाळा जातो तसं. आणि आधी अंतर, मग दिशा. चेंडू असा सोडा की खळगी चुकलीच तर हातभर पुढं जाऊन थांबेल. जो तिथवर पोचतच नाही तो पडणार कसा?”

“खरं आहे. जो विचारतच नाही त्याला होकार कुठून मिळणार?”

“…खाली बघा.”

“बघतोय.”

“खालीच बघा. हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा नियम. चेंडू गेला, की त्याच्या मागं बघायचं नाही. पडल्याचा आवाज कानावर येईपर्यंत मान वर करायची नाही.”

“आणि आवाज आलाच नाही तर?”

“तर…” यावर आप्पांनी काही सांगितलेलं नव्हतं. “तर बघू.”

बाकी सगळं त्याला आठवड्याभरात जमलं. जमलं नाही ते हेच. चेंडूला पटर लागला, की त्याची मान वर यायचीच.

“वर का बघता?”

“चेंडू कुठं गेला ते बघायला.”

“चेंडू डावीकडे गेला. तुम्ही उजवीकडे बघत होतात.”

“उजवीकडे काय होतं?”

“मी होते.”

“मग बरोबरच बघत होतो.”

ती पाठ फिरवून खळगीतला चेंडू काढू लागली. खळगीत चेंडू नव्हता. तो डावीकडे पडला होता, हे तिनं नुकतंच सांगितलं होतं.

चेंडू दरवेळी डावीकडे जायचा. वीतभर. कमी नाही, जास्त नाही, जणू मोजून. एकदा ती पाण्याची कळशी घेऊन बाथरूमवरून जाताना दारात थबकली आणि तिला कारण दिसलं. तो खाली बसून थापीनं सिमेंट पसरत होता. हात पसरत जायचा आणि शेवटी थापीची कड झटकायला मनगट आत वळायचं. टुक्. पसरायचं, टुक्. बारा वर्षं रोज शेकडो वेळा वळलेलं मनगट पटरच्या शेवटीही तेच करत होतं.

तिनं सांगितलं. त्यानं मनगटाकडे असं पाहिलं, जणू घरातलाच माणूस फितूर निघाला. आठ दिवस खटपट केली. चेंडू वीतभर डावीकडेच.

“जाऊ द्या,” ती शेवटी म्हणाली. “हाडात मुरलंय ते. आता जायचं नाही.”

एका दुपारी आभाळ स्वच्छ होतं, ऊन होतं आणि अचानक दोघांवर पाऊस कोसळला. स्प्रिंकलर! आप्पांनी त्याच्या घड्याळाचा काटा फिरवून ठेवला होता. चुकून, असं ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. दोघं धावत कोठाराच्या वळचणीला गेली. तिच्या केसांतून पाणी हनुवटीवर उतरत होतं. त्याच्या पापण्यांवर थेंब होते आणि तो डोळे मिटत नव्हता, बहुधा थेंब पडतील म्हणून. पाण्याची चक्री फिरत लांब जायची… आणि पुन्हा जवळ येऊन त्यांच्या पायांवर तुषार उडवायची. लांब… आणि जवळ.

“तुम्ही भिजलात,” ती म्हणाली.

“तूपण.”

कसा कोण जाणे, तो ‘तू’ त्याच्या तोंडून निसटला. तिनं तो परत केला नाही. त्या दिवसापासून तिच्याही बोलण्यातलं ‘अहो’ वाळत गेलं आणि दोन दिवसांत गळून पडलं.

*

त्या मैदानाची एक रीत होती.

थंडी पडून गवत झोपी जाण्याआधी, हंगामाच्या शेवटच्या सकाळी, क्लबमधला प्रत्येक जण पांढऱ्या दगडापासून एक चेंडू मारायचा. बारा पावलांवर खळगी. एकच संधी. त्या दिवशी दव झाडायचं नाही. चेंडू दवावर काळी रेघ ओढत जातो आणि रेघेसमोर कुणाला थापा मारता येत नाहीत. पाळी सगळ्यात नव्या माणसापासून सुरू. आणि प्रत्येकाचं निशाण त्याच्या माणसानं धरायचं. नेम कुठं धरायचा ती जागा झेंड्याच्या काठीचं टोक टेकवून दाखवायची आणि चेंडू यायच्या आत बाजूला व्हायचं. नवऱ्याचं निशाण बायको धरायची, मुलाचं आई. ज्याचं कुणी नसेल तो स्वतःच काठी रोवून यायचा. म्हणजे एखाद्या तरुण माणसानं एखाद्या मुलीला ‘माझं निशाण धरशील का’ असं विचारणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यानं ते विचारलं. सकाळच्या चहाला, भरल्या व्हरांड्यात, बिस्किट चहात बुडवता बुडवता.

“मुंगी, शेवटच्या दिवशी माझं निशाण धरशील का?”

कपबशांचा आवाज थांबला. सेक्रेटरीसाहेबांचं वर्तमानपत्र खाली आलं. किचनवाल्या मावशी किटली घेऊन मध्येच उभ्या राहिल्या. त्या क्लबात आप्पांच्या इतक्याच जुन्या, आणि आप्पांना अरेतुरे करणाऱ्या जगातल्या एकमेव.

“अरे बाबा,” त्या हळूच म्हणाल्या, “इथली रीत ठाऊक आहे ना तुला?”

“आहे की. तुम्हीच सांगितलीत परवा. म्हणून तर विचारलं.”

त्याचं बिस्किट तुटून कपात पडलं. तेवढीच काय ती भीती दिसली.

सगळे आप्पांकडे बघू लागले. आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला. बशी खाली ठेवली.

“ह्याचं डोकं हलतं,” ते म्हणाले.

“आप्पा!”

“मी रोज बघतो. चेंडू सोडला की मान वर. एका चेंडूपुरतं ज्याला स्वस्थ राहता येत नाही, तो जन्मभर एका जागी काय राहणार? तुझ्या आईनं माझं निशाण धरलं होतं, तेव्हा वीस पावलांवरून मारला मी. चेंडूनं खळगीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग आत गेला. मी मान वर केली नाही.”

गेल्या वर्षीपर्यंत ती सोळा पावलं होती. मावशींनी किटलीच्या झाकणाशी काहीतरी खुडबुड केली.

“तर ऐक, फरशीवाल्या. चेंडू पडला, तर बोलू पुढचं. नाही पडला, तर पेटी उचल आणि चालू लाग. तुझं काम तसंही त्याच दिवशी संपतंय.”

“मी काय बक्षीस आहे?” ती उसळली.

“बक्षीस नाहीस, पोरी. म्हणून तर कुणालाही देत नाही.”

“कबूल,” तो म्हणाला.

“तू कशाला कबूल म्हणतोस? मला विचारलंस?”

“तुलाच तर विचारलंय. उत्तर अजून आलं नाही.” तो तिच्याकडे बघत होता, आणि या वेळी उजवीकडे की डावीकडे हा प्रश्नच नव्हता. “धरशील?”

“…धरीन.”

आणि मग आठवलं तिला ते मनगट.

त्यानंतरचे दहा दिवस तो दुपारी आलाच नाही. बाथरूमचं दार आतून बंद. आत कसलीशी टकटक चालायची. ती पाण्याची कळशी दारात ठेवून परत यायची. हिंमत हरला, असं तिला वाटलं. हरेल नाहीतर काय? बारा पावलांवरून वीतभर चूक ठरलेली. त्याचं पुढचं काम लांबच्या गावात होतं आणि तिथल्या मालकाची बोलावणी सुरू झाली होती. शब्दाला जागणारा माणूस; चेंडू चुकला, तर पेटी उचलणार. तिच्यासाठीसुद्धा थांबणार नाही, कारण थांबला तर तो तोच राहणार नाही.

शेवटच्या पहाटे तिनं खळगी पाडली. दगडापासून कडेकडेनं पावलं मोजली, बारा. गुडघ्यांवर बसून उतार पाहिला. नेम कुठं धरायचा ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. तिथं बोट टेकवून ती बराच वेळ बसली. मग बोट हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं. वीतभर.

त्या घरात आप्पांच्या पावलांची वाढ चालायची, चेंडूच्या प्रदक्षिणा चालायच्या. पण उताराबद्दल खोटं? ते आप्पासुद्धा कधी बोलले नव्हते. तरी बोट तिनं परत सरकवलं नाही.

*

सगळा क्लब व्हरांड्याच्या पायऱ्यांवर गोळा झाला. श्वासांची वाफ निघत होती. पहिली पाळी त्याची, सगळ्यात नव्याची. तो अनवाणी आला.

रेघ बिघडू नये म्हणून दूरच्या कडेनं चालत तो खळगीपर्यंत गेला, परत आला. मध्ये एका ठिकाणी त्याचा पाय थांबला. तळवा गवतावर टेकवून तो क्षणभर उभा राहिला. मग त्यानं तिनं टेकवलेल्या काठीच्या टोकाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. एक भुवई जराशी वर गेली… आणि खाली आली. तो हसला. कशाला हसला, ते तिला कळलं नाही. तिनं काठी आणखी घट्ट धरली.

दगडापाशी जाऊन तो वाकला. बोटांच्या टोकांनी धरलेला पटर. डोळे चेंडूच्या वर. खांदे मागं गेले… पुढं आले.

टुक्.

तिनं काठी उचलली, दोन पावलं मागं झाली आणि डोळे मिटून घेतले. आता फक्त ऐकायचं होतं. पडल्याचा आवाज. एक… दोन… दव चिरत येणाऱ्या चेंडूची बारीक सरसर तिला ऐकू आली, किंवा वाटलं तसं. तीन… चार…

आवाज आला नाही.

पायऱ्यांवरून एक लांब सुस्कारा उमटला. तिनं डोळे उघडले. चेंडू खळगी ओलांडून हातभर पुढं जाऊन थांबला होता. डावीकडे नाही. उजवीकडे. वीतभर. आणि पांढऱ्या दगडापासून तिच्या काठीच्या जागेपर्यंत दवावर एक काळी रेघ होती. सुतानं ओढावी तशी सरळ.

मनगट वळलं नव्हतं. त्यानं अचूक मारला होता आणि तिनं… तिनंच…

“अरेरे,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “पुढचा कोण?”

“थांबा की जरा,” मावशी म्हणाल्या. “त्याच्याकडे बघा.”

तो अजून वाकलेलाच होता. मान खाली, डोळे चेंडू होता त्या जागेवर. हलत नव्हता.

मिनिट गेलं. दोन गेली. कुणीतरी खोकलं. पाच मिनिटं झाली. सूर्य कुंपणावर आला आणि त्याची वाकलेली सावली गवतावर पडली. तीही हलेना.

आप्पा पायऱ्या उतरले. चपला काढल्या. रेघेच्या कडेकडेनं, कमरेत वाकून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. असली रेघ त्यांनी त्या गवतावर पाहिली नव्हती. पाहिली असती तर कधीच सांगून मोकळे झाले असते.

“मुंगे. निशाण कुठं टेकवलं होतंस?”

“इथं.”

“आणि खरी वाट?”

तिनं बाहीनं नाक पुसलं. “वीतभर डावीकडे.”

“चुकलीस?”

“नाही आप्पा. मुद्दाम. त्याचं मनगट वळतं, दरवेळी वीतभर… मला वाटलं, मी इकडे दाखवलं तर बरोबर पडेल… मला काय ठाऊक, त्यानं…”

आप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वळले.

“काय रे फरशीवाल्या. मनगटाचं काय केलंस?”

“फुटपट्टी बांधली,” तो जमिनीकडे बघत बोलला. “दहा दिवस, दुपारच्या सुट्टीत. बाथरूममध्ये, दोन फरश्यांमधल्या सांध्यावरून चेंडू सोडत होतो.”

“आणि उतार? तो तुला कळला नाही?”

“कळला. ती दाखवतेय तिकडे पाणी जाणार नाही, हे पायालाच कळलं.”

“मग तिकडे का मारलास, शहाण्या?”

“तिनं दाखवलं म्हणून.”

तिच्या हातातली काठी गवतावर पडली.

“आता वर तरी बघ,” आप्पा म्हणाले. “काय शोधतोयस खाली?”

“आवाज आला नाही अजून,” तो म्हणाला.

तेव्हा मावशींना राहवलं नाही. “पुरे झालं रे तुझं, आप्पा! सांगू का सगळ्यांना? ह्या आप्पाचा चेंडू कुठला पडतोय खळगीत? वीस पावलं म्हणे! बारा पावलांवरून मारला आणि मुंगीच्या आईच्या घोट्यावर आदळला. चार दिवस लंगडत होती बिचारी. लंगडत लंगडतच लग्नाला उभी राहिली.”

व्हरांडा हसण्यानं फुटला. आप्पांनी रागानं मावशींकडे पाहिलं. मग खळगीकडे, मग लांब कुठंतरी. तिथं कुणीतरी लंगडत चाललेलं त्यांना दिसत असावं. डोळे बारीक झाले.

“मुंगे,” ते म्हणाले, “कटर आण.”

ती गडबडीत कडेला काढलेले बूट पायात अडकवून कोठारात गेली आणि कटर घेऊन तशीच आली. आप्पांनी कटरचं गोल पातं थांबलेल्या चेंडूवरून अलगद खाली सोडलं. चेंडू बरोबर मधोमध. मग दोन्ही मुठींवर भार देऊन फिरवत फिरवत दाबलं, एखाद्या नवख्यासारखं जपून, आणि वर ओढलं. मातीसकट गवताचं बूच वर आलं. त्यावर, पाटावर बसावा तसा, चेंडू. आप्पांनी कटर थोडा तिरका केला. चेंडू घरंगळला आणि ताज्या खळगीत पडला.

टप्.

दगडापाशी वाकलेला माणूस किंचित हलला. “आवाज जरा ओला वाटला.”

“खळगी नवी आहे,” आप्पा म्हणाले. “बघ आता वर, जावईबापू. मान मोडेल.”

त्यानं मान वर करायचा प्रयत्न केला. झाली नाही. अवघडली होती. शेवटी ती धावली. रेघेची पर्वा न करता, बूट घालून, दवातून, सरळ हिरवळीच्या मधून धावली आणि सगळ्यांदेखत त्याची मान चोळू लागली. मान इंच इंच वर आली. आधी त्याला तिचे चिखलाचे गुडघे दिसले, मग हात, मग रडून लाल झालेलं नाक.

“बूट,” तो म्हणाला.

“गप्प बस.”

“मी मारला ना बरोबर?”

“मी चुकीचं दाखवलं.”

“ते मी विचारलं नाही.”

“…बरोबर मारलास,” ती म्हणाली. “पुन्हा कधी असा मारू नकोस. मी चुकले तर सांगायचं.”

“सांगेन,” तो म्हणाला, आणि हा एक शब्द मात्र त्यानं पुढं कधी पाळला नाही.

नव्या खळगीतून निघालेलं बूच आप्पांनी जुन्या, चुकलेल्या खळगीत बसवलं, तळव्यानं दाबलं आणि त्यावर बराच वेळ हात ठेवून बसले. गवत वाढताना ऐकत असतील.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आप्पा असेपर्यंत ही गोष्ट तेच सांगायचे. बारा पावलांची चाळीस झाली, पाच-दहा मिनिटांची दुपार झाली आणि शेवटी शेवटी तर वाकलेल्या जावयाच्या पाठीवर एका पाखरानं घरटंही बांधलं. आता आप्पा नाहीत. मावशी नाहीत. क्लबहाउसच्या बाथरूममध्ये पाणी अजून बरोबर जाळीकडेच जातं.

आणि हंगामाच्या शेवटच्या सकाळी, दव झाडलेलं नसताना, दोन म्हातारी माणसं अनवाणी हिरवळीवर येतात. तो पांढऱ्या दगडापाशी वाकतो. ओळंबा आता लागत नाही, पाठच तशी झाली आहे. ती निशाण धरते. खरी वाट तिला डोळे मिटून सापडते. ती बोट वीतभर उजवीकडे सरकवते आणि काठी तिथं टेकवते.

तो बघतो. एक भुवई वर जाते.

मग तो तिकडेच मारतो. आणि मान खाली घालून वाट बघत उभा राहतो, ती कटर घेऊन येईपर्यंत.